शेजारगावचे अवलिये : गजानन माधव मुक्तिबोध

प्रत्येक औद्योगिक नगरीच्या आठवणींत यंत्रांबरोबर काही विक्षिप्त माणसेही वस्तीला असतात. भोंग्यावर उठणाऱ्या आणि भोंग्यावर जेवणाऱ्या गावात जो मनुष्य केवळ आपल्याच तंद्रीत चालतो, तो सर्वांच्या नजरेत येतो. लोक त्याला हसतात, त्याच्याविषयी गोष्टी रचतात, आणि तो गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्याची खरी ओळख पटते. मंडळाच्या ह्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत अशाच एका माणसाचे स्मरण करावे असे वाटले. ते भिलाईचे नव्हते. पण अगदी शेजारचे होते, आणि घरी आपल्यासारखेच मराठी बोलणारे होते.

पावर हाउस स्टेशनवरून नागपूरकडे निघालेली गाडी दुर्ग मागे टाकून थोड्याच वेळात राजनांदगावला पोहोचते. हे जुने संस्थानी गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे कापडाची गिरणी उभी राहिली आणि पुढे बंगाल नागपूर कॉटन मिल्स ह्या नावाने ती सर्वत्र ओळखली जाऊ लागली. १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथील कामगारांनी केलेला संप छत्तीसगडच्या इतिहासात नोंदला गेला आहे. गिरणीचा तो भोंगा आता थांबला आहे. परंतु १९५८ साली, दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे प्राध्यापक म्हणून गजानन माधव मुक्तिबोध तेथे आले, तेव्हा तो गावाचा दिनक्रम ठरवीत होता. राजनांदगाव त्या काळी दुर्ग जिल्ह्यातच मोडत असे. इकडे भिलाईत पोलाद कारखान्याची उभारणी चालली होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांचे वडील वा आजोबा आणि मुक्तिबोध, हे सारे एकाच सुमारास ह्या मुलखात आले.

मुक्तिबोधांचे घराणे मूळचे खानदेशातील जळगावकडचे. पूर्वज ग्वाल्हेर संस्थानात येऊन स्थायिक झाले. त्याच संस्थानातील श्योपूर येथे १३ नोव्हेंबर १९१७ रोजी गजाननरावांचा जन्म झाला. वडील माधवराव पोलीस खात्यात होते, त्यामुळे बदल्या ठरलेल्याच. मातोश्री पार्वतीबाई हिंदी शिकलेल्या. प्रेमचंद आणि हरिभाऊ आपटे ह्या दोघांच्याही कादंबऱ्या त्या आवडीने वाचीत. मुलाने उज्जैन-इंदुरास शिक्षण घेतले, १९३८ साली बी. ए. केले आणि पुढल्याच वर्षी घरच्यांचा विरोध पत्करून शांताबाईंशी विवाह केला.

त्यानंतर सुरू झाली ती पोटापाण्यासाठीची वणवण. शुजालपूर, उज्जैन, कलकत्ता, मुंबई, बंगलोर, बनारस, जबलपूर अशी ठिकाणे झाली. कधी शिक्षकी, कधी पत्रकारी, कधी सरकारी प्रसिद्धिखाते. १९४३ साली ‘तार सप्तक’ ह्या अज्ञेयांनी संपादिलेल्या संग्रहात त्यांच्या कविता आल्या आणि हिंदी जगताला त्यांचे नाव कळले. संसाराची ओढाताण मात्र तशीच राहिली. १९४८ पासूनची दहा वर्षे नागपुरात गेली. तेथे आकाशवाणीवर आणि ‘नया खून’ ह्या साप्ताहिकात त्यांनी काम केले. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली एम्प्रेस मिल, तेथील कामगार आणि त्यांच्यावर झालेला गोळीबार हे सारे त्यांनी जवळून पाहिले होते. पुढे ‘अंधेरे में’ ह्या दीर्घ कवितेत त्याच अनुभवाचे पडसाद उमटले, असे अभ्यासक सांगतात.

राजनांदगावात त्यांचे बिऱ्हाड होते जुन्या राजवाड्याच्या एका भागात. राजवाड्याला लागून राणीसागर आणि बूढासागर हे दोन तलाव. वर जाण्यास चक्राकार जिना. अशा जागी हा उंच, सडपातळ, गालफडे बसलेला मनुष्य विडीवर विडी ओढीत आणि चहावर चहा पीत रात्री जागून काढी. रात्री-अपरात्री रस्त्यांवरून हिंडण्याची त्यांना सवय होती. एकच कविता ते वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लिहीत. ती लांबत जाई आणि पुरी झाली असे त्यांचे समाधान काही होत नसे. वरवर पाहणाऱ्यास हा विक्षिप्तपणा वाटावा. वस्तुतः तीच त्यांची पाळी होती. दिवसा महाविद्यालयाची पाळी संसारासाठी, आणि रात्रीची पाळी अंतःकरणातील भट्टी विझू न देण्यासाठी!

१९६२ साली त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ ह्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. हा घाव त्यांच्या फार जिव्हारी लागला. आपल्यावर कोणी पाळत ठेवून आहे, ही शंका त्यांच्या मनात घर करून बसली. १९६४ च्या फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला. त्यांना प्रथम भोपाळला आणि नंतर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलविण्यात आले. हरिशंकर परसाईंसारख्या स्नेह्यांनी आणि अनेक साहित्यिकांनी त्यांच्यासाठी खटपट केली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपर्यंत शब्द गेला. परंतु यश आले नाही. ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाची ४७ वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांची प्राणज्योत मालवली. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. तो हाती घेण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. १९८० साली त्यांचे समग्र लेखन सहा खंडांत प्रकाशित झाले. आज आधुनिक हिंदी कवितेचा विचार त्यांना वगळून करताच येत नाही.

ह्या चरित्रात परप्रांती राहणाऱ्या आपल्यासारख्यांना अंतर्मुख करणारी एक गोष्ट आहे. गजाननरावांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. ‘नवी मळवाट’ आणि ‘यात्रिक’ हे त्यांचे कवितासंग्रह मराठी रसिकांना परिचित आहेत, आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ ह्या ग्रंथास १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. एकाच मातेची दोन मुले दोन भाषांत मोठी झाली. थोरल्याने हिंदीला आपले सर्वस्व दिले, म्हणून घरातली मराठी परकी झाली नाही. धाकट्याने मराठी धरली, म्हणून हिंदीशी वैर आले नाही.

आपली मुले हिंदीत शिकतात, हिंदीत भांडतात आणि बहुधा स्वप्नेही हिंदीतच पाहतात, ही खंत मंडळाच्या प्रत्येक बैठकीत कोणी ना कोणी बोलून दाखवितोच. ती खंत खोटी नाही. परंतु मुक्तिबोधांच्या घराकडे पाहिले म्हणजे वाटते, की बाहेरची भाषा मनापासून आपली करणे हा अपराध नव्हे. घरातली भाषा बोलण्याचा आळस हा मात्र अपराध खरा.

दिग्विजय महाविद्यालयाच्या आवारात मुक्तिबोध, पदुमलाल पुन्नालाल बख्शी आणि बलदेवप्रसाद मिश्र ह्या तीन साहित्यिकांचे स्मारक-संग्रहालय आहे. पावर हाउसहून सकाळच्या गाडीने निघावे आणि सायंकाळी घरी परतावे, इतके ते जवळ आहे. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन अवश्य जावे, दोन्ही तलावांच्या मधल्या त्या वास्तूपाशी घटकाभर थांबावे, आणि येथे राहून गेलेल्या त्या अवलियाची गोष्ट मुलांना सांगावी. ती मात्र मराठीत.