नागाई नागायोशी

नागाई नागायोशी (मृत्यू : १० फेब्रुवारी, इ.स. १९२९) हे जपानी रसायनशास्त्रज्ञ होते. एफेड्रीनचा शोध व मेथॲम्फेटामाइनची पहिली निर्मिती यांचे श्रेय त्यांना दिले जाते.

जीवन
शिकोकू बेटावरील आवा प्रांतात एका वैद्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. नागासाकी येथे ते पाश्चात्त्य वैद्यक शिकले. इ.स. १८७१ मध्ये मेइजी शासनाने त्यांना वैद्यकाच्या पुढील अभ्यासासाठी जर्मनीस पाठविले; परंतु बर्लिन विद्यापीठात आउगुस्ट होफमान यांच्या मार्गदर्शनाखाली ते सेंद्रिय रसायनशास्त्राकडे वळले. मायदेशी परतल्यावर त्यांनी टोक्यो येथे अध्यापन केले.

संशोधन
श्वासविकारांवर पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या माहुआंग वनस्पतीतून इ.स. १८८५ मध्ये त्यांनी एफेड्रीन वेगळे केले. पुढे ते दम्यावरील औषध म्हणून जगभर रूढ झाले. इ.स. १८९३ मध्ये नागाईंनी त्यापासूनच मेथॲम्फेटामाइन तयार केले. दोहोंच्या रेणूंत अवघ्या एका ऑक्सिजन अणूचा फरक आहे. मात्र त्यामुळे मेथॲम्फेटामाइन मेंदूत अधिक सहज शिरते व तेथील डोपामाइनची पातळी एकाएकी वाढविते. हा उत्साह ओसरताच खिन्नता येते, पुन्हा सेवनाची ओढ लागते आणि व्यसन जडते.

नंतरचा काळ
हे दुष्परिणाम नागाईंच्या हयातीनंतर प्रकट झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे द्रव्य जपानमध्ये ‘हिरोपोन’ या नावाने थकवा घालविण्यासाठी विकले जाई. युद्धोत्तर काळात व्यसन फैलावल्याने इ.स. १९५१ मध्ये तेथे नियंत्रक कायदा झाला. या व्यसनावर खात्रीचे औषध अद्याप उपलब्ध नाही. वर्तनोपचार व समुपदेशन यांवरच मुख्य भर असतो.