पस्तीस वर्षांची साइट

सिव्हिलवाले आणि आर्किटेक्ट यांचं जमत नाही, हे आपण फर्स्ट इयरपासून ऐकत आलोय. ते चित्रं काढतात आणि निस्तरायचं आपण, असं आपल्या ब्रँचचं म्हणणं. पण एका आर्किटेक्टपुढे मी मुकाट्याने हात जोडतो. तो म्हणजे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा कर्ता, सर क्रिस्टोफर रेन. जन्म १६३२, मृत्यू १७२३.

गंमत म्हणजे हा गडी आर्किटेक्चर शिकलेलाच नव्हता! वयाच्या चोविसाव्या वर्षी तो लंडनच्या ग्रेशम कॉलेजात खगोलशास्त्राचा प्रोफेसर झाला, पुढे ऑक्सफर्डला गेला. १६६० साली त्याचं एक लेक्चर संपल्यावर काही मंडळी बोलत बसली आणि त्या बैठकीतून रॉयल सोसायटी जन्माला आली. आपल्याकडे लेक्चर संपल्यावर फक्त मेसची रांग जन्माला येते.

सप्टेंबर १६६६ मध्ये लंडनला आग लागली. चार दिवसांत तेरा हजारांवर घरं आणि ऐंशीहून जास्त चर्च जळाली. जुनं सेंट पॉल्सही गेलं. पुढे पन्नासेक चर्च रेनच्या देखरेखीखाली पुन्हा उभी राहिली. कॅथीड्रलसाठी त्याने आत शिरून पाहता येईल एवढं मोठं लाकडी मॉडेल करवून घेतलं होतं. ते नामंजूर झालं! त्याने पुन्हा ड्रॉइंग काढली आणि १६७५ साली पाया घातला गेला.

हे १६७५ साल मला विसरता येत नाही. रेनने १६६९ मध्ये फेथ कॉगहिलशी लग्न केलं होतं. ओळख जुनी. तिचं पाण्यात पडलेलं घड्याळ त्याने दुरुस्त करून पाठवलं होतं आणि सोबत एक हळुवार पत्र. त्यांचं पहिलं मूल दीड वर्षाचं होऊन गेलं. १६७५ च्या फेब्रुवारीत दुसरा मुलगा झाला, त्याचं नावही क्रिस्टोफर. जूनमध्ये कॅथीड्रलचा पाया पडला आणि सप्टेंबरमध्ये फेथ देवीच्या रोगाने गेली. घरात सात महिन्यांचं पोर, साइटवर नुकतेच रचलेले दगड. १६७७ मध्ये त्याने जेन फिट्झविल्यमशी लग्न केलं. तिला एक मुलगी, एक मुलगा झाला आणि १६८० मध्ये तीही गेली. वय ४७, पदरात तीन लहान मुलं, त्यात धाकटा विल्यम अधू. त्यानंतर रेन ४२ वर्षांहून जास्त जगला, पण पुन्हा लग्न केलं नाही.

आणि काम चालूच होतं. खरी कमाल घुमटाची. बाहेरून घुमट उंच दिसायला हवा, पण तेवढाच उंच आतून ठेवला तर खाली उभ्या माणसाला विहिरीत बसल्यासारखं वाटेल. म्हणून रेनने एकात एक तीन कवच केली. आत विटांचा बुटका घुमट, बाहेर लाकडी सांगाड्यावर शिशाचा पत्रा आणि दोन्हींच्या मध्ये, कुणाला न दिसणारा, विटांचा शंकू. शिखरावरच्या दगडी कंदिलाचा शेकडो टन भार हा शंकू पेलतो. बाहेरचा घुमट नुसता शोभेचा! खालचा भाग फाकू नये म्हणून भोवती लोखंडी साखळी आवळलेली. टांगलेली साखळी उलटी केली की कमानीचा योग्य आकार मिळतो, हे त्याचा मित्र रॉबर्ट हूक याने सांगितलेलं. हो, तोच आपला हूक्स लॉवाला.

काम लांबलं म्हणून १६९७ मध्ये पार्लमेंटने त्याचा अर्धा पगार अडवला. मूळ पगार वर्षाला २०० पौंड. थकबाकी मिळाली ती १७११ नंतर, म्हणजे ऐंशीच्या उंबरठ्यावर. तोवर म्हातारा टोपलीत बसून वर ओढून घ्यायचा आणि काम तपासायचा, असं सांगतात. मधे १७०२ मध्ये लाडकी लेक जेन गेली. ती संगीतात तरबेज होती. अर्धवट बांधलेल्या सेंट पॉल्सच्या तळघरातच बापाने तिला पुरलं.

१७०८ मध्ये शिखराचा शेवटचा दगड बसवायची वेळ आली. तो बसवला मुलाने, क्रिस्टोफरने. पाया पडला तेव्हा पाळण्यात असलेलं पोर आता ३३ वर्षांचं होतं. सोबत होता मुख्य गवंड्याचा मुलगा. मला हा प्रसंग उद्घाटनाच्या कुठल्याही सोहळ्यापेक्षा मोठा वाटतो.

१७१८ मध्ये, ८५ वर्षांच्या रेनला सरकारी सर्व्हेअरच्या पदावरून काढून टाकलं. तो निमूट घरी गेला. क्रिस्टोफरने मात्र बापाचे कागद जपले, घराण्याचा इतिहास लिहून काढला आणि १७५० मध्ये नातवाने तो छापला.

प्लेसमेंटच्या दिवसांत आपल्या हॉस्टेलवर एकच वाद असतो, करिअर की घर? रेनला हा प्रश्न निवडीसाठी मिळालाच नाही. दोन्ही एकाच वेळी अंगावर आलं आणि त्याने दोन्ही पेललं, त्या मधल्या शंकूसारखं, कुणाला न दिसता.

सेंट पॉल्सला जाणारा प्रत्येक जण मान वर करून घुमट बघतो. रेनच्या थडग्यावरच्या पाटीचाही आशय तोच, की स्मारक हवं तर आजूबाजूला बघा. मी कधी गेलोच, तर आधी तळघरात उतरणार. तिथे बापाच्या शेजारी जेनचा शिलापट आहे. त्यात ती ऑर्गन वाजवतेय.