आदराचे मोल : पंडित माधवराव सप्रे

रायपूरच्या उत्तरेस पसरलेल्या उरला येथील औद्योगिक वसाहतीत आज अनेक प्रांतांतून आलेली माणसे एकाच भोंग्यावर कामाला लागतात. छत्तीसगढी, हिंदी, ओडिया, भोजपुरी, तेलुगू आणि मराठी अशा नाना बोली तेथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. अशा भूमीत पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांपुढे एक प्रश्न नेहमीच उभा असतो. आपल्या मातृभाषेचा अभिमान जपावा आणि ज्या भूमीचे अन्न खातो तिच्या भाषेचा व तिच्या लोकांचा यथोचित आदरही करावा, हे दोन्ही एकाच वेळी कसे साधावे? या प्रश्नाचे उत्तर सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी याच रायपूर नगरीतील एका मराठी पुरुषाने आपल्या आयुष्याने दिले. त्या पुरुषाचे नाव पंडित माधवराव सप्रे.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या लहानशा गावी झाला. घरची भाषा मराठी, परिस्थिती बेताची. कुटुंब पुढे बिलासपुरास आले आणि माधवरावांचे प्राथमिक शिक्षण तेथे झाले. शिष्यवृत्तीच्या आधाराने ते रायपूरच्या शाळेत दाखल झाले. या शाळेत नंदलाल दुबे नावाचे शिक्षक त्यांना लाभले आणि त्यांच्या सहवासात हिंदी वाङ्मयाची गोडी लागली. घरात समर्थांची आणि संतांची वाणी, शाळेत हिंदीचा संस्कार, अशा दोन प्रवाहांच्या संगमावर हा विद्यार्थी वाढला. एका शिक्षकाने पेरलेले बीज किती मोठा वृक्ष होऊ शकते, याचे हे उदाहरण शाळेच्या ग्रंथात नमूद करण्याजोगे आहे.

उच्च शिक्षणासाठी त्यांना जबलपूर आणि ग्वाल्हेर अशी भ्रमंती करावी लागली. अडचणी सोसून त्यांनी अखेर कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. ही पदवी संपादन केली. त्या काळी मध्य प्रांतात पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. सरकारी अधिकाराची वाट त्यांच्यासाठी मोकळी होती. परंतु सरकारी चाकरीत राहून देशबांधवांची सेवा करता येणार नाही, अशी मनाशी खूणगाठ बांधून त्यांनी ती वाट सोडली आणि पेंड्रा येथील राजकुमारांना शिकविण्याचे काम पत्करले. त्या वेतनातून जी शिल्लक उरली, तिच्या बळावर त्यांनी एक धाडस करायचे ठरविले.

जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक अवतरले. संपादनात माधवरावांना रामराव चिंचोलकर यांची साथ होती आणि प्रकाशनाची धुरा वामन बळीराम लाखे यांनी उचलली होती. तिघांचीही नावे मराठी, आणि पत्र मात्र हिंदी! मराठीत लिहिले असते तर पुण्या-मुंबईच्या वाचकांपर्यंत जाणे त्यांना सोपे होते. परंतु त्यांच्या अवतीभोवतीचा समाज हिंदी आणि छत्तीसगढी बोलणारा होता. ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्याच भाषेत लिहिले पाहिजे, ही त्यांच्या आदराची पहिली खूण होय. दुसऱ्याची भाषा कामापुरती शिकणे वेगळे, आणि तिच्या समृद्धीसाठी आपली विद्या व आपली मिळकत खर्ची घालणे वेगळे. माधवरावांनी दुसरा मार्ग पत्करला, आणि तो पत्करताना मराठीचे बोटही सोडले नाही.

या मासिकाने हिंदीत पुस्तक-परीक्षणाची एक नवी रीत रुजविली. तोवर नव्या पुस्तकाचा परामर्श म्हणजे बहुधा एकतर स्तुतिपाठ किंवा निंदा असे. माधवरावांनी ग्रंथ समग्र वाचून, त्याचे गुण आधी नोंदवून, मग दोष सकारण दाखविण्याचा परिपाठ घातला. लेखक नामवंत आहे म्हणून त्याचा दोष झाकला जात नसे, आणि नवखा आहे म्हणून त्याची थट्टाही होत नसे. एखाद्याचे लेखन नीट वाचून त्याविषयी खरे ते बोलणे हाही सन्मानाचाच एक प्रकार आहे, हे या परीक्षणांतून दिसून येते. हिंदी समालोचनेचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते ती यामुळेच.

याच मासिकात १९०१ साली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासक तिला हिंदीतील पहिली लघुकथा मानतात. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढविण्यासाठी शेजारच्या गरीब, अनाथ विधवेची झोपडी हवी असते. तो वकिलांच्या जोरावर ती बळकावतो. बेघर झालेली म्हातारी एके दिवशी परत येते आणि चूल घालण्यासाठी तेथली टोपलीभर माती मागते, कारण तिची लहानगी नात आपल्या घरच्या चुलीवरच्या भाकरीवाचून जेवायला तयार नसते. टोपली भरल्यावर ती जमीनदारालाच हात लावण्याची विनंती करते. त्याच्याने ती टोपली जागची हलत नाही. तेव्हा म्हातारी त्याला नम्रपणे एवढेच सुचविते की, एका टोपलीचा भार ज्याला पेलत नाही, त्याला या साऱ्या जागेच्या मातीचा भार जन्मभर कसा पेलणार? जमीनदाराचे डोळे उघडतात. तो तिची क्षमा मागतो आणि झोपडी परत करतो. या कथेत दीनदुबळी स्त्री शिव्याशाप देत नाही की आक्रोश करीत नाही. मऊ शब्दांत ती सत्य सांगते आणि ते सत्य बलवंताला नमविते.

आर्थिक ओढाताणीमुळे १९०२ च्या अखेरीस ‘छत्तीसगढ मित्र’ बंद पडले. पण माधवरावांची लेखणी थांबली नाही. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या शास्त्रीय परिभाषेच्या कार्यात अर्थशास्त्रातील शब्द घडविण्यास त्यांनी हातभार लावला. पुढे नागपुरातून ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू केली आणि १३ एप्रिल १९०७ रोजी ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक काढले. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’तील विचार हिंदी भाषकांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा हेतू होता. स्वदेशी आणि बहिष्काराच्या त्या धगधगत्या काळात या पत्रावर सरकारची वक्रदृष्टी वळणे अटळ होते. जुलै १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात, २२ ऑगस्टला, राजद्रोहाच्या आरोपाखाली माधवरावांना अटक झाली.

येथून त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रकरण सुरू होते. ज्यांनी कुटुंबाचा भार वाहिला होता ते वडील बंधू या अटकेने पार खचून गेले. माधवरावांनी माफीपत्रावर सही करावी यासाठी त्यांनी हट्ट धरला. तसे न झाल्यास प्राणत्याग करण्यापर्यंत त्यांची मजल गेली. एका बाजूस देशकार्याची निष्ठा, दुसऱ्या बाजूस पितृस्थानी असलेल्या भावाचे प्राण. कारागृहात ही घालमेल सोसून माधवरावांनी अखेर सही केली आणि ते सुटले. ज्या हाताने निर्भय लेख लिहिले त्याच हाताने क्षमेचा कागद लिहून दिला, ही गोष्ट लोकांना रुचली नाही. त्यांना स्वतःला तर ती मुळीच सहन झाली नाही.

वडीलधाऱ्यांचा मान राखावा हे शाळेत शिकविले जाते. परंतु तो मान राखताना आपल्या सर्वांत प्रिय वस्तूचा, म्हणजे आपल्या शब्दाचा, बळी द्यावा लागला तर काय करावे, हे कोणी शिकवीत नाही. माधवरावांनी केले ते योग्य की अयोग्य, यावर दोन मते संभवतात. त्यानंतरच्या त्यांच्या वर्तनाविषयी मात्र दुमत होऊ नये. त्यांनी आपल्या कृतीची तरफदारी करीत लोकांत मिरविणे टाळले. संपादकपद सोडून ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले आणि वर्ध्याजवळच्या हनुमानगड येथील रामदासी मठात, श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सान्निध्यात राहिले. पदवीधर, नामांकित संपादक असलेला हा गृहस्थ तेथे मधुकरी मागून त्या अन्नावर निर्वाह करीत असे. ज्या समाजाचा विश्वास आपण दुखावला, त्याच समाजाच्या दारी ओंजळ पसरून उभे राहणे हे त्यांचे प्रायश्चित्त होते.

मठातील या काळात त्यांनी समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’ची पुनःपुन्हा पारायणे केली. लेखन कसे करावे, उत्तम माणसाची लक्षणे कोणती, याचा इतका काटेकोर विचार मराठीत अन्यत्र क्वचितच सापडेल. हा ठेवा हिंदी भाषकांनाही लाभावा म्हणून माधवरावांनी ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद केला. पश्चात्तापाची वर्षे अशी दोन भाषांना जोडण्यात कारणी लागली. पुढे मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला, आणि माधवरावांनी केलेला त्याचा हिंदी अनुवाद लागलीच १९१६ मध्ये बाहेर पडला. शिक्षेची सहा वर्षे भोगून आलेल्या नेत्याचा ग्रंथ, माफी लिहून देऊन सुटलेल्या अनुयायाच्या लेखणीतून हिंदी जगतापुढे गेला, या एका घटनेत बरेच काही सामावलेले आहे. एका चुकीवरून माणसाची सारी किंमत ठरवू नये, हा त्यातील बोध. चिंतामण विनायक वैद्य यांच्या महाभारतावरील ग्रंथाचे ‘महाभारत मीमांसा’ हे हिंदी रूपही माधवरावांचेच.

रायपुरात परतल्यावर त्यांनी कार्याची दिशा शिक्षणाकडे वळविली. मुलींनी शिकावे याला समाजाची फारशी अनुकूलता नसताना त्यांनी रायपुरात जानकीदेवी कन्या पाठशाळा उभारली. असहकाराच्या दिवसांत राष्ट्रीय विद्यालय आणि अनाथ मुलांसाठी आश्रम यांच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. कथेतील अनाथ विधवा आणि तिची नात जणू आता त्यांच्यापुढे प्रत्यक्ष उभ्या होत्या, आणि लेखणीने दाखविलेला आदर हातांनी सिद्ध करण्याची वेळ आली होती.

१९२० साली जबलपुरात ‘कर्मवीर’ हे पत्र निघाले. त्यामागे माधवरावांची प्रेरणा आणि परिश्रम होते, पण संपादकाची खुर्ची त्यांनी माखनलाल चतुर्वेदी या तरुण कवीला दिली. आपण उभारलेल्या कामावर आपलेच नाव असावे हा मोह भल्याभल्यांना सुटत नाही. आपल्याहून लहान माणसाच्या गुणांपुढे आनंदाने मागे सरणे ही आदराची फार वरची पायरी होय. माखनलालजी पुढे हिंदीतील अग्रगण्य कवी आणि पत्रकार झाले.

१९२४ मध्ये देहरादून येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हिंदी जगताने या मराठी माणसाला देऊ केले. ज्या भाषेचा त्यांनी आयुष्यभर सन्मान केला, तिनेच त्यांच्या मस्तकी सन्मानाचा तुरा खोवला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २३ एप्रिल १९२६ रोजी, रायपुरात त्यांचे देहावसान झाले. तेव्हा त्यांच्या वयाला पंचावन्न वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

आज रायपुरातील एक जुनी शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि भोपाळ येथील वृत्तपत्र-संग्रहालयाने त्यांचे नाव धारण करून देशातील जुनी नियतकालिके जपून ठेवली आहेत. ही स्मारके उचितच आहेत. परंतु त्यांचे खरे स्मारक अधिक साधे आणि अधिक अवघड आहे. वर्गात शेजारच्या बाकावर वेगळी बोली बोलणारा मित्र बसला असता त्याच्या उच्चारांना न हसता त्याच्याकडून दोन शब्द शिकून घेणे, दुसऱ्याची चूक दाखविण्याआधी त्याचा गुण पाहणे, आणि आपली चूक झाली असता तिचे समर्थन न करता कामाने ती भरून काढणे, एवढे ज्या विद्यार्थ्याला साधले त्याने माधवराव सप्रे यांचे चरित्र खऱ्या अर्थाने वाचले असे म्हणता येईल.