लोलाचे माहेर

न्यूयॉर्कच्या ग्रीनवुड दफनभूमीत एक दगड आहे. त्यावर मिसेस एलायझा गिल्बर्ट असे नाव, १७ जानेवारी १८६१ ही मृत्यूची तारीख आणि वय ४२. वाटावे, असेल कुणी साधीसुधी गृहिणी. पण या बाईने लोला माँतेझ या नावाने, आपण स्पेनमधल्या खानदानी घराण्यातली असे सांगून, युरोपभर धुमाकूळ घातला होता.

स्पेनशी नाते एवढेच, की काही महिने तिथे राहून ती नाच शिकली. जन्म आयर्लंडमधल्या स्लायगो परगण्यातला, ग्रेंज गावचा, १७ फेब्रुवारी १८२१ चा. म्हणजे दगडावरचे वयही चुकलेलेच! वडील एडवर्ड गिल्बर्ट इंग्रज फौजेत कनिष्ठ अधिकारी. आई एलायझा ही लिमरिकचे बडे जमीनदार आणि पार्लमेंटचे माजी सभासद चार्ल्स सिल्व्हर ऑलिव्हर यांची मुलगी, पण लग्नाबाहेरची. आडनाव मिळाले, घराण्यात जागा नाही. पुढे लेकीच्या अब्रूची तिने एवढी धास्ती घेतली, त्याचे मूळ इथेच असावे.

१८२३ मध्ये हे बिऱ्हाड हिंदुस्थानात आले. पाटण्याजवळच्या दानापूर छावणीत पोचतात न पोचतात तोच गिल्बर्ट पटकीने गेले. कोवळ्या वयाच्या विधवेने पुढच्याच वर्षी पॅट्रिक क्रेगी या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले. सावत्र बाप मायाळू निघाला. तरी पोरीला वळण लागावे म्हणून पाच-सहा वर्षांची असतानाच तिला स्कॉटलंडला, क्रेगींच्या माणसांकडे धाडले. त्या वयात एवढा समुद्र ओलांडून परक्या घरी!

मायलेकींची गाठ पडली ती थेट १८३७ मध्ये. आई म्हाताऱ्या न्यायाधीशाचे स्थळ घेऊन आली, असे निदान लोला सांगे. मुलगी पळाली ती आईबरोबर बोटीने आलेल्या लेफ्टनंट थॉमस जेम्सचा हात धरून.

ते लग्न फसले. १८४२ मध्ये कोर्टाने दोघांना वेगळे केले, पण जोडीदार जिवंत असेतो दुसरे लग्न करायचे नाही, या अटीवर. आई दुरावलेली, सासर तुटलेले. एकवीस वर्षांच्या बाईने करायचे काय? तिने माहेरच नवे शोधून काढले. १८४३ मध्ये लंडनच्या रंगमंचावर पहिल्याच प्रयोगाला ती ओळखली गेली, तेव्हा तिने मुलूख बदलला, थाप बदलली नाही. म्यूनिकला साठीतला राजा लुडविग तिच्यावर भाळला, तिला काउंटेस केले. १८४८ च्या खळबळीत प्रजेने तिला हुसकावले आणि राजालाही गादी सोडावी लागली.

अमेरिकेत चाळिशी गाठायच्या आत ती वारली. दगडावर ना माँतेझ, ना काउंटेस, ना जेम्स. मिसेस एलायझा गिल्बर्ट हे नाव खरे तर तिच्या आईचे, दुसऱ्या लग्नाआधीचे.