वसईचे संत गोन्सालो गार्सिया

आपल्या भाईंदरच्या उत्तरेस उल्हास नदी खाडीच्या रूपाने समुद्रास मिळते. तिच्या पैलतीरी वसईचा किल्ला आहे. इ. स. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने हा मुलूख पोर्तुगीजांस दिला; १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. आज तटाच्या आत बहुतेक पडक्या ख्रिस्तमंदिरांच्या भिंतीच दिसतात. परंतु एवढ्याशा भूमीने जगास एक संत दिला, याचे विस्मरण आपणांस होता कामा नये.

गोन्सालो यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता एतद्देशीय. येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले, आणि कोवळ्या वयातच ते त्यांजबरोबर जपानास गेले. तेथे सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम करीत असता जपानी भाषा त्यांस उत्तम अवगत झाली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी मनीषा होती; ती सफल झाली नाही. तेव्हा ते व्यापारात शिरले व त्यात त्यांस यशही लाभले. तथापि मनास समाधान नव्हते. अखेर फिलिपाईन्समधील मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांस गुरुदीक्षा नसलेले साधे बंधू म्हणून स्वीकारले.

ज्या भाषेच्या बळावर त्यांस मानाचे पद मिळाले नव्हते, तीच आता कामी आली. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांजसमवेत ते दुभाषी म्हणून जपानच्या सत्ताधीश हिदेयोशीच्या भेटीस गेले. पुढे त्यांनी तेथेच दीनदुबळ्यांची व रोग्यांची सेवा आरंभिली. १५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास फुटले. त्यावरून संशय वाढून ख्रिस्ती मंडळींची धरपकड झाली. क्योतो येथे बंदिवानांचे डावे कान छाटून त्यांस भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेण्यात आले. तेथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांस क्रुसावर मरण आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय व सतरा जपानी प्रापंचिक होते.

८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी या हुतात्म्यांस संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच.

प्रिय धर्मबंधूभगिनींनो, एक दार बंद झाले म्हणून गोन्सालो यांनी देवाची सेवा सोडली नाही. आपली सेवा लहान म्हणून जो कोणी खिन्न असेल, त्याने खाडीपलीकडे दृष्टी टाकावी.