कोरेगावचे कथाकार : नारायण हरी आपटे

मुलांनो, तुम्ही बोलका सिनेमा पाहता. त्यात संवाद असतात, गाणी असतात. परंतु १९३१ पूर्वी आपल्या देशातील सिनेमा मुका होता. पडद्यावर माणसांचे ओठ हलत, पण आवाज येत नसे. अशा काळात एका गरीब शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर आले. त्याची कथा नारायण हरी आपटे यांनी लिहिली होती.

आपट्यांचा जन्म १८८९ साली आजच्या सांगली जिल्ह्यातील समडोळी या गावी झाला. पुढे ते सातारा जिल्ह्यातील कोरेगावला राहिले. १९०९ साली त्यांची 'अजिंक्यतारा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. अजिंक्यतारा हा साताऱ्याचा किल्ला आहे.

त्या काळी खेड्यांत सावकारांचा जाच फार होता. कर्ज, कागद आणि जमीन हे तीन शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. शेतकऱ्याचे सारे दुःख या तीन शब्दांत होते. तो कर्ज काढी, न वाचता आलेल्या कागदावर अंगठा उठवी आणि जमीन गमावून बसे. १८७९ साली सरकारने साताऱ्यासह चार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तरीही जाच संपला नाही.

आपट्यांच्या कथेवरून कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. पाश म्हणजे फास. लोभी सावकार खोट्या कागदाच्या बळावर शेतकऱ्याची जमीन हिरावून घेतो. शेतकरी गाव सोडतो आणि शहरात गिरणीकामगार होतो. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले. एरवी पडद्यावर देव आणि राजे दिसत. आता तेथे शेतकरी दिसला.

पुढे शांतारामांनी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून १९३७ साली 'कुंकू' हा बोलपट काढला. हिंदीत त्याचे नाव 'दुनिया न माने' होते. त्यात एका तरुण मुलीचे लग्न फसवून म्हाताऱ्या विधुराशी लावतात. ती मुलगी नुसती रडत बसत नाही. हा संसार मानायला ती ठाम नकार देते.

१९७१ साली आपट्यांचे निधन झाले. ताजमहालाच्या प्रेमकथेवरील 'शिराज' हा १९२८ चा मूकपट दुरुस्त होऊन २०१७ साली लंडनमध्ये पुन्हा दाखवला गेला. 'सावकारी पाश' या मूकपटाला मात्र ते भाग्य लाभले नाही. तो आज पाहायला मिळत नाही.

पण त्याची शिकवण आजही उपयोगी आहे. आपल्या जमिनीचा सातबारा मराठीत असतो. तो स्वतः वाचायला शिका. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो नीट वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही वाचून दाखवा.