शार्ल एर्मित : वास्तव संख्यांची हमी देणारे गणिती

पुंजयामिकीच्या, म्हणजेच क्वांटम मेकॅनिक्सच्या, पाठ्यपुस्तकात ‘हर्मिशियन’ हा शब्द पहिल्या काही प्रकरणांतच भेटतो. तो ज्यांच्या नावावरून रूढ झाला, ते फ्रेंच गणिती शार्ल एर्मित मात्र हे शास्त्र आकाराला येण्यापूर्वी सुमारे पाव शतक निवर्तले होते.

एर्मित यांचा जन्म २४ डिसेंबर १८२२ रोजी लॉरेन प्रांतातील द्यूझ येथे झाला. उजव्या पायात जन्मजात व्यंग असल्याने काठीचा आधार त्यांना कायमचा लागला. पॅरिसमधील लुई-ल-ग्रां विद्यालयात, पूर्वी गाल्वा यांना शिकविलेले रिशार हेच त्यांचे शिक्षक होते. परीक्षेच्या तयारीपेक्षा लाग्रांज आणि गाउस यांच्या ग्रंथांत त्यांचे मन अधिक रमे. परिणामी १८४२ मध्ये एकोल पॉलितेक्निकच्या प्रवेशपरीक्षेत त्यांचा क्रमांक ६८वा आला. वर्षभरातच पायाचे व्यंग पुढे करून त्यांचे शिक्षण थांबविण्यात आले. वजनदार व्यक्तींच्या मध्यस्थीने तो निर्णय फिरला. परंतु त्यासोबत घातलेल्या अटी मान्य नसल्याने त्यांनी संस्था सोडली.

पदवी हाती नव्हती, तरी याकोबींसारख्या थोर गणितींशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू होता. पुढे १८४८ मध्ये त्याच पॉलितेक्निकमध्ये प्रवेशपरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८५६ मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १८५८ मध्ये त्यांनी विवृत्तीय फलनांच्या साहाय्याने पंचघाती समीकरण सोडविले आणि १८७३ मध्ये २.७१८२८... ही ‘ई’ संख्या बीजातीत असल्याचे सिद्ध केले. त्याच वाटेने जाऊन लिंडेमान यांनी १८८२ मध्ये ‘पाय’ही बीजातीत असल्याचे दाखविले. सोर्बोन येथे १८९७ पर्यंत अध्यापन करून एर्मित १४ जानेवारी १९०१ रोजी पॅरिसमध्ये निधन पावले.

त्यांचे नाव भौतिकीत पोहोचले ते १८५५ मधील एका सिद्धतेमुळे. विशिष्ट सममिती असलेल्या मॅट्रिक्समधील संख्या संमिश्र असल्या, तरी तिची आयगेन मूल्ये वास्तवच असतात, हे त्यांनी दाखविले. प्रयोगात मोजलेली ऊर्जा ही नेहमी वास्तव संख्याच असते. म्हणून पुंजयामिकीने ही सममिती आपली पायाभूत अट मानली.

या अटीची अपरिहार्यता १९९८ मध्ये तपासली गेली. हर्मिशियन नसलेल्या काही व्यवस्थांतही ऊर्जा वास्तव राहू शकते, असे बेंडर आणि बोएचर यांनी दाखविले. बाहेरच्या जगाशी ऊर्जेची देवाणघेवाण करणाऱ्या व्यवस्थांचे वर्णन अशा गणिताने करता येते. त्यातून काळातील सहसंबंधांचा प्रश्न पुढे आला. एकाच वस्तूची तीन वेगवेगळ्या क्षणी मोजणी केल्यास निष्कर्षांतील संबंध किती घट्ट असू शकतो, याची कसोटी लेगेट आणि गर्ग यांनी १९८५ मध्ये मांडली होती. रोजच्या अनुभवातील वस्तूसाठी तिची कमाल मर्यादा १ आहे, तर हर्मिशियन नियमाने बदलणाऱ्या क्युबिटसाठी १.५. हर्मिशियन नसलेल्या क्युबिटच्या बाबतीत मात्र हे मूल्य १.५ ओलांडून, विशिष्ट परिस्थितीत, ३ च्या जवळ जाऊ शकते, असे सैद्धांतिक अभ्यासांत दिसून आले आहे.

तरीही या नव्या व्यवस्थांना ‘नॉन-हर्मिशियन’ असेच म्हणतात. एर्मित यांची अट मोडणाऱ्यांनाही ती मोडल्याचे सांगण्यासाठी त्यांचेच नाव घ्यावे लागते.